मैत्रिणीच्या घरी काहीतरी बिनसले आहे, असे वाटते तेव्हा

तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे. कार्यालयातील एक सहकारी, जी तुमची जवळची मैत्रीणही आहे, गेल्या दीड-दोन वर्षांत फार बदलली. पूर्वी मनमोकळी असलेली ही बाई आता मधल्या सुट्टीतही फोनवरची नजर हलवत नाही, काम संपल्यावर पाच मिनिटेही थांबत नाही, आणि एकदा तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले तेव्हा "कपाटाचे दार लागले" एवढेच म्हणाली. तुम्ही खोदून विचारलेत तेव्हा ती चिडली आणि त्या दिवसापासून तुम्हाला टाळू लागली. तिच्या घरी हिंसाचार होत आहे का, हे खात्रीने कसे ओळखायचे आणि होत असेल तर नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

यातला 'खात्रीने' हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल. बाहेरच्या माणसाला अशी खात्री क्वचितच होते आणि ती व्हायला हवी अशी गरजही नसते. पुरावा न्यायालयाला लागतो. मैत्रिणीची विचारपूस करायला शंका पुरते. वीस वर्षांहून अधिक काळ मी समुपदेशनाचे काम करते आहे आणि "वाटत होते, पण खात्री नव्हती म्हणून बोलले नाही" हे वाक्य मी बहिणींकडून, शेजाऱ्यांकडून, कधी सख्ख्या आईकडूनही ऐकले आहे. शंका चुकीची निघाली तर थोडा अवघडलेपणा येतो, तो निभावून नेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जोडीदारासोबत राहिलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सहन करावी लागलेली असते. म्हणजे तुमची शंका मुळात फार दूरची नाही.

डागांपासूनच सुरुवात करू, कारण लोकांची नजर आधी तिथेच जाते. माणूस अडखळून पडतो तेव्हा आपसूक हात पुढे टेकतो, त्यामुळे खरचटतात ते तळहात, कोपर, गुडघे, फार तर हनुवटी. मारहाणीचे व्रण बहुधा चेहरा, मान, छाती, पोट, पाठ आणि दंड यांवर असतात, आणि त्यातही कपड्यांखाली झाकले जाणारे भाग अनेकदा जाणूनबुजून निवडलेले असतात. दंडाच्या आतल्या बाजूला लहान गोल डागांची ओळ दिसली तर ती बोटांची पकड असण्याची शक्यता बरीच असते. कपाटाचे दार तिथे सहसा लागत नाही. हाताच्या करंगळीकडच्या कडेवर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध बसलेला मार हा पुष्कळदा डोके वाचवण्यासाठी हात आडवा धरल्याचा असतो. नवे आणि बरे होत आलेले व्रण एकाच वेळी असणे, सांगितलेले कारण आणि जखम यांचा मेळ न बसणे, दवाखान्यात दोन-तीन दिवस उशिरा जाणे, आणि तिथे डॉक्टरांच्या प्रश्नांना तिच्याऐवजी सोबत आलेल्या माणसानेच उत्तरे देणे, या गोष्टी अनुभवी परिचारिकेच्या चटकन ध्यानात येतात. मात्र डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे डॉक्टरांनाही नेमके सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत शिरू नका.

एका गोष्टीकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नका: गळा दाबणे. बायका ही गोष्ट सांगताना फार हलकी करून सांगतात. "मारले नाही हो, नुसता गळा धरला होता", असे. मानेवर बाहेरून अनेकदा काहीही दिसत नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके उमटणे, मधला काही काळ न आठवणे, नकळत लघवी होऊन जाणे, या त्याच्या खुणा आहेत. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही तासांनी किंवा काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, म्हणून "आता बरे वाटते आहे" असे ती म्हणाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या स्त्रियांचा गळा जोडीदाराने पूर्वी कधी दाबला होता, त्यांच्या बाबतीत पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका सात पटींच्या आसपास वाढलेला होता. "नुसता गळा धरला" हे शब्द कानावर पडले की मी हातातले बाकीचे सगळे बाजूला ठेवते, ते यामुळेच.

आता मूळ मुद्दा. ज्या घरांतून माझ्याकडे माणसे येतात, त्यांपैकी कितीतरी घरांत महिनोन्महिने हात उगारला गेलेला नसतो. तशी गरजच उरलेली नसते. एकदा बसलेल्या माराची आठवण आणि रोजच्या रोज घातलेले कुंपण एवढ्यावर काम भागते. इव्हान स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या प्रकाराची सविस्तर मांडणी केली: सुट्यासुट्या मारहाणीच्या घटना मोजत बसण्यापेक्षा माणसाचे स्वातंत्र्य पद्धतशीरपणे कसे काढून घेतले जाते ते पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून असे दडपशाहीचे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो, एकही फटका मारलेला नसला तरी.

हे कुंपण जवळून कसे दिसते, ते एका प्रसंगातून सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. चांगल्या पगाराची नोकरी करणारी एक स्त्री माझ्याकडे आली होती. बोलता बोलता तिने रुमाल काढण्यासाठी पर्स उघडली, तर आतून रबर लावलेली पावत्यांची एक छोटी गड्डी बाहेर पडली. औषधाची पावती, प्रवासाचे तिकीट, एका चहाचे बिलसुद्धा. प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने वेळ लिहिलेली. मी विचारले तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "रात्री हिशेब द्यायचा असतो ना." पगार तिचा, खाते नवऱ्याच्या ताब्यात, आणि पावती हरवली तर काय होते हे विचारल्यावर ती पहिल्यांदा गप्प झाली. त्या दिवशी तिच्या अंगावर एकही खूण नव्हती, आणि आपल्या घरी हिंसाचार होतो असे तिने स्वतःही तोवर म्हटलेले नव्हते. ती आली होती झोप लागत नाही म्हणून.

त्या दिवसापासून एक प्रश्न मला सगळ्या याद्यांपेक्षा जास्त उपयोगी पडत आला आहे: हिने 'नाही' म्हटले तर काय होते? "घरी विचारून सांगते" असे कोणीही म्हणते, त्यात गैर काही नाही. एकमेकांना विचारणे हा सहजीवनाचाच भाग आहे. पण न विचारता केले तर काय होईल, याचा विचार मनात येताच चेहऱ्यावर भीती उमटत असेल, तर ते विचारणे आणि हे विचारणे वेगळे. तुमच्या मैत्रिणीकडे या नजरेने पाहा. फोन वाजल्यावर तो दोन रिंगांच्या आत उचलला नाही तर ती अस्वस्थ होते का? आपण कुठे आहोत हे पटवून देण्यासाठी तिला आजूबाजूचे दृश्य फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवावे लागते का? कार्यालयातून निघायला दहा मिनिटे उशीर झाला तर ती कोणाला तरी आधीच सविस्तर खुलासा लिहून पाठवते का? कपडे, केस, कोणाशी बोलायचे, किती हसायचे, यांबद्दलचे नियम हळूहळू वाढत गेले आहेत का? बढतीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्रीच घरात मोठे भांडण होणे, निघायच्या वेळी नेमक्या किल्ल्या न सापडणे, हे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. तिचे कामातले लक्ष उडाले आहे आणि रजा वाढल्या आहेत असे कार्यालयात म्हटले जात असेल, तर त्यामागे घरातून पद्धतशीरपणे घातलेले हे अडथळे असू शकतात.

माणसे तोडण्याचे काम बहुधा अगदी सभ्यपणे होते. "तुझ्या त्या मैत्रिणीला भेटू नकोस" असे सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही. भेटून आल्यावर चार दिवस अबोला धरला जातो, तिच्या माहेरच्यांनी आपला अपमान केल्याचे पुन्हा पुन्हा उकरून काढले जाते, पाहुण्यांसमोर तिचीच टिंगल केली जाते. मग भेटणे तिलाच महाग वाटू लागते आणि ती स्वतःच भेटी टाळू लागते. ती तुम्हाला टाळते आहे, याचा अर्थ लावताना हे ध्यानात असू द्या.

"पण तो तर किती चांगला माणूस आहे" हा आक्षेप तुमच्या कानावर येईलच. हिंसा करणारा माणूस बाहेर अनेकदा मदतीला धावणारा, गोड बोलणारा, लोकांत प्रतिष्ठा असलेला असतो. "रागावर ताबा राहत नाही" ही सबबही नीट तपासून पाहावी. ज्याचा रागावर खरोखर ताबा नसतो, तो वरिष्ठांवर आणि वाहतूक पोलिसांवरही हात टाकेल. हा माणूस मात्र घरी येऊन, दार लावून, खुणा दिसणार नाहीत अशा जागी मारतो. दारूचेही तसेच आहे. दारूमुळे मार अधिक जोराचा आणि अधिक वेळा बसू शकतो, हे खरे. पण दारू सुटल्यावरही पावत्यांचा हिशेब मागणे चालूच राहिलेली घरे मी पाहिली आहेत.

मग ती तिथे का राहते, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. तरी तो तुमच्या मनात असणार. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हिंसेचे चक्र मांडले: ताण वाढत जातो, स्फोट होतो, मग माफी, रडणे, भेटवस्तू आणि पुन्हा कधी असे होणार नाही अशी शपथ. हे चक्र सगळ्या घरांत असे नेमके फिरते असे नाही, काही घरांत माफीचा टप्पा कधी येतच नाही. परंतु जिथे तो येतो तिथे ती ज्या माणसाच्या आशेवर थांबलेली असते, तो माणूस तिला मधूनमधून खरोखर दिसत असतो. याखेरीज पैसा नसतो, मुले असतात, जायला जागा नसते, "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार" हे वर्षानुवर्षे ऐकलेले असते. आणि सगळ्यांत मोठे कारण भीती, जी पुष्कळदा अगदी रास्त असते. त्याविषयी पुढे लिहिते.

मी इथे 'ती' आणि 'तो' असे लिहिते आहे, कारण तुमचा प्रश्न तसा आहे आणि गंभीर हिंसेची शिकार झालेल्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. पुरुषांनाही जोडीदाराकडून मार आणि धमक्या सहन कराव्या लागतात, आणि लाजेपोटी ते आणखी उशिरा बोलतात. समलिंगी जोडप्यांत तुझी ओळख घरी उघड करीन अशी धमकी दिली जाते. वृद्ध आई-वडिलांचा चष्मा, श्रवणयंत्र किंवा औषधे लपवणे, अपंग व्यक्तीची चाकांची खुर्ची हाताला लागणार नाही अशी ठेवणे, हीदेखील हिंसाच आहे. गरोदरपणात हिंसा सुरू होणे किंवा वाढणे हेही नेहमीचे.

मुलांविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे. "मुले झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही" असे पालक मनापासून सांगतात, आणि तीच मुले मला कोणत्या खोलीतून कोणता आवाज आला हे क्रमवार सांगतात. दाराची कडी वाजली की खेळ थांबवणारे मूल, मोठ्यांच्या चेहऱ्यावरचे भाव सतत वाचत राहणारे मूल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झालेले मूल, शाळेत अकारण मारामारी करणारे किंवा वयाला न शोभेल इतके शहाण्यासारखे वागणारे, आईला एकटी सोडून शाळेत जायला तयार नसलेले मूल, या सगळ्यांमागे इतर कारणेही असू शकतात. तरी शिक्षकांनी आणि नातेवाइकांनी ही एक शक्यता मनात धरावी. मुलाला मात्र उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नयेत, आणि "आईबाबांपैकी कोण चुकते" असे तर कधीच नाही.

आता विचारायचे कसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना असे सांगतात की दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारत सुटण्यापेक्षा जिथे खुणा दिसतात तिथे विचारावे. आणि पहिली अट ही की ती एकटी असावी. एकटी म्हणजे खरोखर एकटी. एकदा एका स्त्रीने माझ्यासमोर बसल्यावर फोन टेबलावर उताणा ठेवला आणि मी बोलू लागले तशी तिने बोटाने फोनकडे खूण केली. पडद्यावर सेकंद पळत होते. पलीकडे नवरा ऐकत होता. मी वीस मिनिटे झोप आणि डोकेदुखी यांवरच बोलले, आणि पुढची भेट "रक्ततपासणीनंतर फोन आत नेता येत नाही अशा खोलीत" ठरवली. म्हणून लेखी संदेश पाठवून विचारू नका, आणि ती फोनवर असताना तर नाहीच. चालता चालता, फोन जागेवर राहिला असेल अशा वेळी, दोघीच असताना विचारा.

तुम्ही मागच्या वेळी खोदून विचारलेत, त्यामागे माया होती हे मला कळते. परंतु खोदून विचारणे आणि हिशेब मागणे यांचा सूर एकच असतो, आणि तो सूर तिच्या ओळखीचा आहे. "तुला मारतात का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी तुम्हाला जे दिसले तेवढेच, ठपका न ठेवता सांगा: "हल्ली तू घाबरलेली वाटतेस. मला काळजी वाटते. घरी कोणाची भीती वाटते का तुला? आत्ता सांगायला हवे असे नाही. केव्हाही सांगितलेस तरी मी ऐकेन, आणि तुला विचारल्याशिवाय कोणाला बोलणार नाही." एवढे बोलून झाल्यावर थांबा. ती विषय बदलेल. बदलू द्या.

आणि ज्या दिवशी ती बोलेल, त्या दिवशी आधी ऐका. तारखा विचारू नका, तपशिलांची विसंगती काढू नका. घाबरलेल्या माणसाच्या आठवणी क्रमाने लागलेल्या नसतात. "तू सांगतेस ते मला खरे वाटते", "यात तुझी चूक नाही" आणि "तुला आत्ता कशाची गरज आहे?" ही तीन वाक्ये साधी आहेत, पण कित्येक बायकांनी ती आयुष्यात पहिल्यांदा समुपदेशनाच्या खोलीत ऐकलेली असतात. "मी असते तर एक दिवस राहिले नसते" हे मात्र कधीही म्हणू नका. त्याचा अर्थ तिला एवढाच कळतो की आपण दुबळ्या आहोत.

इथे माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोनच वर्षे झाली होती. एका स्त्रीची हकीकत ऐकून मी इतकी हादरले की दुसऱ्याच भेटीत तिला म्हणाले, "तुम्ही आजच्या आज तिथून निघा, मी सगळी व्यवस्था करते." तिने मान हलवली. त्यानंतर चौदा महिने ती आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही सांगितलेले माझ्याने झाले नाही. तुम्ही रागवाल असे वाटले." घरात एक माणूस तिला काय करायचे ते सांगत होता, आणि मी दुसरी सांगणारी झाले होते. तिचा निर्णय तिच्या हातून काढून घेणे हे हेतू कितीही चांगला असला तरी पुन्हा तेच आहे.

"निघून ये" असा आग्रह न धरण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. घर सोडण्याचा आणि त्यानंतरच्या काही महिन्यांचा काळ हा सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतो आहे हे समोरच्याला त्याच वेळी कळते. पूर्वतयारी न करता रागाच्या भरात बाहेर पडणे म्हणूनच टाळावे लागते. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकी परिचारिका-संशोधकांनी १९८० च्या दशकात धोका मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली, तिचा आधार आजही अनेक देशांत घेतला जातो. तिच्यातले काही प्रश्न तुम्हीही मनाशी ठेवावेत असे आहेत: गेल्या वर्षभरात हिंसा वाढत गेली आहे का, त्याने गळा दाबला आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, आणि तो तसे करू शकेल असे तिला वाटते का, घरात बंदूक आहे का, तो तिचा सतत पाठलाग करतो, पाळत ठेवतो का, गरोदर असताना मारले आहे का, आत्महत्या करीन अशी धमकी तो देतो का. शेवटचा प्रश्न अनेकांना विसंगत वाटतो, पण ज्याला स्वतःच्या जिवाची पर्वा उरलेली नाही तो माणूस अधिक धोकादायक असतो. यांपैकी एक-दोन गोष्टींना जरी 'हो' असे उत्तर आले तरी अनुभवी संस्थेशी किंवा हेल्पलाइनशी लगेच बोलायला हवे, आणि प्रत्यक्ष हल्ला चालू असेल तर तिच्या संमतीची वाट न पाहता पोलिसांना बोलवावे. मात्र ती स्वतः "मला भीती वाटत नाही" असे म्हणाली म्हणून निर्धास्त होऊ नका. धोका कमी लेखण्याची सवय तिला जगण्यासाठीच लागलेली असते. उलट ती "तो मला मारून टाकील" असे म्हणत असेल तर तिचा अंदाज सहसा अतिशयोक्त नसतो.

ती घरात राहणार असेल तरी तिच्या सुरक्षिततेसाठी पुष्कळ काही करता येते. भांडण पेटते आहे असे वाटले की स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचे, कारण एकीकडे सुऱ्या असतात आणि दुसरीकडे बाहेर पडायला दुसरे दार नसते. तुमच्यात एखादा साधा शब्द ठरवून ठेवायचा, "उद्या ती निळी फाइल आणशील का?" असे ती म्हणाली की त्याचा अर्थ पोलिसांना कळव, एवढे दोघींनाच ठाऊक. ओळखपत्रे, मुलांचे जन्मदाखले, बँकेची कागदपत्रे, रोजची औषधे, किल्ल्यांचा दुसरा जोड आणि थोडी रोकड तुमच्याकडे किंवा कार्यालयातील कुलूपबंद खणात ठेवता येते. मूळ कागद घरातून एकदम गायब झाले तर संशय येईल, म्हणून प्रतींपासून सुरुवात करावी. मुलांना आईला वाचवण्यासाठी मध्ये पडायला शिकवू नये; कुठे पळायचे आणि कोणाला हाक मारायची, एवढेच शिकवावे.

फोनबद्दल लोक घाईने चूक करतात. फोन कुठे आहे ते दाखवणारी सुविधा चालू आहे किंवा पाळत ठेवणारे ॲप घातले आहे असे कळले की पहिली उबळ ते पुसून टाकण्याची येते. ते पुसले की समोरच्याला त्याच क्षणी कळते, आणि पुरावाही जातो. त्याने कधी हातात घेतलेला नाही असा फोन किंवा कार्यालयातील संगणक वापरून आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि तोवर जुना फोन नेहमीसारखाच वापरत राहावे. मदत शोधल्याच्या नोंदी, संदेश, घराच्या संगणकावर उघडे राहिलेले खाते, यांकडेही लक्ष असू द्यावे.

तिची तयारी असेल तर नोंदी ठेवायला सुरुवात करा. तारीख, वेळ, काय झाले, काय शब्द वापरले, कोणी पाहिले, हे तिच्या स्वतःच्या शब्दांत, त्याच दिवशी लिहिलेले असावे. छायाचित्र काढताना एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असे लांबून काढावे. डॉक्टरांना खरे कारण सांगितले तर ते वैद्यकीय कागदपत्रांत येते, आणि पुढे कधी संरक्षणाचा आदेश मिळवायचा झाला तर त्याचे मोल फार असते. या नोंदी घरात ठेवू नयेत, हे सांगायला नकोच.

एक गोष्ट तुम्ही अजिबात करू नका, आणि आजूबाजूच्या भल्या माणसांनाही करू देऊ नका. त्याला गाठून जाब विचारू नका. तुम्ही तिथून निघून याल आणि त्याची किंमत रात्री ती मोजेल. शिवाय तिने कोणाला तरी सांगितले हे त्याला कळलेले असेल. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याचाही तोच परिणाम होतो. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे ती त्याच्यादेखत खरे बोलूच शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याचा हिशेब होतो. जोडप्याचे एकत्र समुपदेशन हे मतभेदांसाठी ठीक आहे. चालू हिंसेत मी ते नाकारते, नवऱ्याने स्वतः मागितले तरी.

तुम्ही सहकारी आहात, याचा एक मोठा फायदा आहे: कार्यालय ही बहुधा अशी एकमेव जागा असते जिथे तो दिवसभर नसतो. तिने सांगितले तर, आणि तिच्या संमतीनेच, तिचा पगार स्वतंत्र खात्यात जमा करण्याची व्यवस्था, प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्याला देऊन ठेवलेली सूचना, तिच्या नावाने येणारे फोन दुसरीकडे वळवणे, समुपदेशकाला किंवा वकिलाला भेटण्यासाठी कामाच्या वेळातला तासाभराचा मोकळा वेळ, हे सारे घरी कोणाला न कळता करता येते. भेटीसाठी संस्थेच्या माणसालाच तिथे बोलावता आले तर आणखी उत्तम. वरिष्ठांना सांगायचे की नाही आणि कोणाला, हे तिलाच ठरवू द्या.

ती निघेल आणि कदाचित परतही जाईल. कायमचे बाहेर पडण्यापूर्वी अनेक जणी अनेकदा परत जातात. तेव्हा मदत करणाऱ्यांची चिडचिड होते, "आम्ही एवढे केले आणि ही पुन्हा तिथेच" असे उद्गार निघतात. ते तिच्या कानावर गेले की पुढच्या वेळी ती येत नाही. तुम्हालाही थकवा येईल, रात्री झोप उडेल. हेल्पलाइनवर तुमच्यासारख्या माणसांनाही स्वतःसाठी बोलता येते, तिचे नाव न सांगता. तुम्ही किती वेळ देऊ शकता, रात्री-अपरात्री फोन उचलू शकाल का, घरी ठेवून घेऊ शकाल का, हे आधीच स्वतःशी ठरवा आणि जमणार असेल तेवढेच तिला सांगा.

राहिला तिच्या टाळण्याचा प्रश्न. मागच्या प्रसंगाचा विषय काढू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि मग कामाच्याच काही निमित्ताने तिच्या टेबलापाशी जा, साधे दोन शब्द बोला, उत्तर तुटक आले तरी मनाला लावून घेऊ नका. पुढे कधीतरी दोघी एकट्या असताना म्हणा, "त्या दिवशी मी फारच प्रश्न विचारले, माझे चुकले. आता नाही विचारणार. पण तुझ्यासाठी मी आहे." हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या हातात कागदावर देऊ नका, तो पर्समध्ये सापडेल. तो तुमच्याच टेबलावरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात, एखाद्या दुकानाच्या नावापुढे लिहून ठेवा आणि तो कशाचा आहे हे एकदाच तिला सांगा.